पैरणीची बगल आणि शर्टाचा मुंढा : नांदेड-लातूर भागातील घरशिवणीच्या इतिहासाची काही साधने

वेशभूषेच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासक वळले ते मुख्यतः शिल्पे, भित्तिचित्रे आणि वाङ्‌मयीन उल्लेख यांच्या वाटेने. डॉ. गो. स. घुर्ये यांचा ‘इंडियन कॉस्ट्यूम’ (१९५१) आणि डॉ. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ (१९५०) हे दोन्ही ग्रंथ आजही हाताशी ठेवावेत असे आहेत. तथापि शिल्प असो वा चित्र, ते वस्त्राची सुलट बाजू दाखवते. शिवण कोठे आहे, शिवणीच्या आत किती कापड राखले आहे, ते कितीदा उसवले आणि पुन्हा कोठे धरले, हे वस्त्राच्या उलट बाजूवर लिहिलेले असते. आणि ती बाजू इतिहासकाराने क्वचितच पाहिली आहे. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिसरातील घरी शिवलेल्या आणि घरीच अंगाप्रमाणे दुरुस्त केलेल्या पैरण, सदरा व शर्ट यांचा विचार केला आहे. जुने कपडे ढगळ असत आणि टेप घेऊन शर्ट बेतू लागल्यावरच कपडा अंगासरसा बसू लागला, असे सर्रास समजले जाते. हे मत तपासून पाहावे असे आहे. कपडा अंगाला बसवण्याची जागा जुन्या पैरणीत एके ठिकाणी होती, नव्या शर्टात ती दुसरीकडे गेली, एवढेच वास्तविक घडले. आणि घरी केलेल्या दुरुस्त्यांत त्या जुन्या जागेचा विसर पडलेला दिसत नाही.

या प्रदेशाला कापड नवे नाही. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगर येथून भडोच बंदराकडे जाड्याभरड्या कापडाबरोबर मलमलही जात असल्याचे नमूद आहे. हे तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. नांदेडच्या बारीक मलमलीचा आणि जरीकाठी वस्त्रांचा लौकिक तर अलीकडच्या शतकांपर्यंत टिकून होता. शिंप्यांच्या घरात जन्मलेल्या नामदेवांचे नाव ज्या नरसीशी जोडले जाते ते गावही याच टापूतले, आज हिंगोली जिल्ह्यात. गुरु ग्रंथसाहिबातील त्यांच्या आसा रागातील पदात मनाला गज आणि जिभेला कातर कल्पिले आहे. नांदेडच्या सचखंड हुजूरसाहिबात त्या ग्रंथाचा पाठ होतो तेव्हा शिंप्याची ही हत्यारे मराठवाड्याच्या भूमीवर पुन्हा उच्चारली जातात, हा योगायोग मनोरम आहे. पण त्यावरून येथील शिवणकामाच्या व्याप्तीचे अनुमान काढणे धाडसाचे होईल.

व्याप्तीचा विचार करावयाचा तर गावगाड्याकडे पाहावे लागते. बारा बलुतेदारांत शिंपी नाही. त्याचे नाव येते ते अलुतेदारांच्या काही याद्यांत. सुतार, लोहार, चांभार यांच्यावाचून कुणबिकी चालत नव्हती, शिंप्यावाचून चालत असे. धोतर, पागोटे, लुगडे, उपरणे ही सारी नेसावयाची किंवा गुंडाळावयाची वस्त्रे. शिवलेले असे अंगावर एखादी बंडी, पैरण किंवा बाराबंदी आणि स्त्रियांची चोळी, एवढेच. यांतील पुष्कळसे काम घरातल्या बायका करीत. चोळी हा तर सर्वांत अंगसरशी बसवावा लागणारा कपडा; तो ज्यांच्या हातून होत असे त्यांना माप घेण्याचे ज्ञान नव्हते असे म्हणणे कठीण आहे. त्यांचे माप वितीचे आणि बोटांचे असे, अथवा जुना कपडा नव्या कापडावर पसरून घेतलेले असे, इतकाच फरक.

या कामाची परिभाषा पाहिली म्हणजे तिचे थर स्वच्छ दिसतात. सुई, कातर, शिवण, दोरा हे शब्द आपले जुने. पैरण हा फारसी ‘पैराहन’. अस्तर, बगल, गज हेही फारसी. सदऱ्याच्या मुळाशी छाती या अर्थाचा अरबी ‘सद्र’ आहे. काज हा पोर्तुगीज ‘काझा’, म्हणजे घर. बटणाचे घर ते काज. कॉलर, कफ, शोल्डर, टेप हे इंग्रजी. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती म्हणून हे फारसी शब्द येथे आले, असे कोणी म्हणेल. पण पैरण आणि अस्तर हे शब्द पुण्या-साताऱ्याकडेही तितकेच रुळलेले आहेत. तेव्हा हे शब्द निजामीपेक्षा पुष्कळ जुन्या दक्षिणी संपर्काचे मानणे युक्त. एकंदरीत अंगाच्या भागांना फारसी नावे, काजाला पोर्तुगीज आणि मापाला इंग्रजी, असा हा क्रम कपड्याच्या जडणघडणीशीही बराच जुळतो.

आता प्रत्यक्ष पैरणीकडे वळू. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असे. उदाहरणादाखल २७ इंच पन्ह्याचे कापड आणि ३६ इंच छातीचा पुरुष घेऊ. पुढची व मागची बाजू एकाच लांब पट्ट्याची. खांद्यावर शिवण नाही, तेथे नुसती घडी, आणि घडीच्या मध्यावर गळ्याची चीर. ३६ इंच उंचीच्या पैरणीला ७२ इंच लांबीचा पट्टा लागतो. त्याची रुंदी १८ इंच ठेवली तर पन्ह्यातून ९ इंचांची पट्टी उरते. या पट्टीचे काखेपासून घेरापर्यंतच्या लांबीचे, सुमारे २६ इंचांचे, दोन तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकडा तिरका कापावयाचा. एका तुकड्यातून दोन कळ्या निघतात, वर दोन इंच आणि खाली सहा इंच रुंदीच्या. उरलेला एक इंच शिवणीत जातो. अशा चार कळ्या बाजूंना लावल्या की छातीशी घेर ४४ इंच, म्हणजे अंगापेक्षा आठ इंच सैल, आणि खाली ६० इंच होतो. पट्टीचा जो वीसेक इंचांचा शेवट राहतो त्यातून काखेतले दोन चौकोनी तुकडे आणि गळ्याची पट्टी निघते. बाह्या म्हणजे दोन सरळ आयत, २२ इंच लांब व २० इंच घेराचे. सगळे मिळून कापड लागले सव्वातीन वार. कातरीखाली पडून वाया गेले ते जवळजवळ शून्य.

येथे बाही अंगाला काटकोनात जोडलेली आहे. हात खाली सोडला की काखेत कापड गोळा होते. त्यालाच आपण ढगळपणा म्हणतो. पण हात वर करताच काय होते ते पाहावे. काखेतला चार इंचांचा चौकोन, ज्याला बगल आणि हिंदी-दक्खनीत चौबगला म्हणतात, तो अंग आणि बाही यांच्यामध्ये असा बसवलेला असतो की ओढ त्याच्या कर्णावर पडते. चार इंचांच्या चौकोनाचा कर्ण साडेपाच इंचांहून थोडा अधिक भरतो; शिवाय कापड तिरक्या धाग्यावर ताणले जाते ते निराळेच. त्यामुळे मोट हाकताना, पेंढी वर फेकताना, पोते खांद्यावर घेताना पैरण कमरेतून वर उचलली जात नाही आणि पाठीत फाटत नाही. हे वस्त्र उभ्या पुतळ्याला बसवलेले नाही, काम करणाऱ्या हाताला बसवलेले आहे. अठराव्या शतकातील युरोपी सदरेही असेच आयत आणि बगल जोडून केलेले असत. डोरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये ‘कट माय कोट’ या छोट्या पुस्तकात मागाच्या पन्ह्यावरून कपड्याचा बेत ठरतो हे जे दाखवले, ते मराठवाड्याच्या पैरणीलाही लागू पडते.

अशा पैरणीची दुरुस्ती सोपी असे. सर्व जोड सरळ असल्याने टाका उसवला की पुन्हा आयतच हाती येतात. अंग भरले तर कळी बदलावी, मूल वाढले तर घेरात पट्टी जोडावी, पाठ विरली तर पट्टा फिरवून मागचे पुढे आणावे. हाताने घातलेला धावदोरा ओढला की सुटतो. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती शोधण्याच्या भरीस मी पडत नाही, परंतु पुढे अंग भरेल म्हणून आधीच कापड दुमडून ठेवणाऱ्या बाईला तो शब्द अगदी योग्य वाटला असला पाहिजे. इतिहासाच्या दृष्टीने ही माया हाच खरा दस्तऐवज होय. रंगीत कापड उन्हात आणि धुण्यात विटते, शिवणीच्या आतले मात्र मूळ रंगाचे राहते. माया सोडली की त्या न विटलेल्या पट्टीची रुंदी दिसते आणि पूर्वीच्या टाक्याची छिद्रे ओळीने उभी राहतात. दोन ओळी असतील तर दोन वेळा कपडा सैल केला, हे उघड आहे; आणि पट्टी शेजारच्या कापडापेक्षा किती गडद आहे यावरून तो आधी बराच काळ वापरला गेला की थोडा, याचाही अंदाज येतो.

या पद्धतीला ओहोटी लावणाऱ्या घटना एकाच वेळी घडल्या नाहीत. नांदेडवरून जाणारा निजामाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये पोहोचली. या गाड्यांनी कापूस बाहेर गेला आणि ३६ इंच पन्ह्याचे गिरणीचे कापड आत आले. पुढे नांदेडातच उस्मानशाही मिल उभी राहिली; ती आता बंद आहे. शिवणयंत्र शिंप्यांच्या दुकानातून घरात शिरावयास मात्र वेळ लागला. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० नंतरच्या दशकात ‘उषा’ यंत्र काढले आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यम स्थितीतील घरांच्या आवाक्यात आले. गांधीजींचा यंत्रांना असलेला विरोध सर्वश्रुत आहे. परंतु १९२४ मधील एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून आवर्जून वगळले होते. हैदराबाद संस्थानातील १९३८ च्या सत्याग्रहानंतर खादीकडे वळलेल्या घरांना चरखा व शिवणयंत्र यांत विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. या भागात खादीची परंपरा पुढेही टिकली. राष्ट्रध्वजाचे कापड उदगीरला विणले जाते हे वाचकांस ठाऊक आहेच. खादी धुतल्यावर आटते, म्हणून बेतण्यापूर्वी ती रात्रभर भिजवून वाळवावी, हा नियम घरशिवणीत पक्का झाला.

गिरणीच्या रुंद कापडाबरोबर शर्ट आला, आणि शर्टाबरोबर सूत्र. शिवणवर्गांत शिकवले जाणारे साधे सूत्र असे : पुढील व मागील भागाच्या घडीची रुंदी छातीचा चौथा हिस्सा अधिक दोन इंच, मुंढ्याची खोली छातीचा चौथा हिस्सा, गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा. ३६ इंच छातीला घडी ११ इंच, मुंढा ९ इंच, गळा ३ इंच. ११ च्या चौपट म्हणजे ४४. पैरणीचा छातीशी घेरही ४४ इंचच होता हे ध्यानात घ्यावे. म्हणजे शर्ट पैरणीपेक्षा घट्ट नव्हता. फरक पडला तो मुंढ्यात : सरळ जोडाच्या जागी वक्र काप आला आणि बगल गळाली. कापड सव्वातीनऐवजी अडीच वार पुरू लागले, पण त्याचा पन्हा रुंद होता; आणि मुंढ्याच्या कोयरीसारख्या चिंध्या उरू लागल्या, ज्यांचा वाकळीत घालण्यावाचून उपयोग नाही. सर्वांत महत्त्वाचे हे की वक्र काप एकदा चुकला तो चुकला. पैरणीत चूक टाक्यात राहत असे, शर्टात ती कातरीत गेली.

सूत्राचा दुसरा दोष असा की ते एका छातीवरून साऱ्या शरीराचे अनुमान करते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टेप प्रचारात आल्यानंतर ही प्रमाणपद्धती वाढली, आणि ती ज्या देहावर आधारली तो ताठ उभा असलेला, दोन्ही खांदे सारखे असलेला देह होता. लातूरच्या मोंढ्यात असे देह कमी. (लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, परंतु त्याची बाजारपेठ जिल्ह्याच्या ठाण्याहून मोठी होती.) वर्षानुवर्षे पोती वाहणाऱ्या हमालाचा एक खांदा उतरलेला, आडतीवर गादीवर वाकून वह्या लिहिणाऱ्या मुनीमाची पाठ गोल आणि मान पुढे आलेली, आडत्याचे पोट सुटलेले. तिघांचीही छाती ३६ भरू शकते. सूत्राने तिघांना एकच शर्ट मिळेल आणि तो तिघांनाही वाईट बसेल.

घरी शिवणाऱ्या बाईपुढे हे तिन्ही देह असत, कारण ते तिच्या घरातले होते. सुरकुती ही शर्टाची तक्रार असते, ती वाचता आली पाहिजे. गळ्यापासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या तर खांदे उतरते आहेत. खांद्याची शिवण बाहेरच्या टोकाला अर्धा इंच खाली घ्यावी आणि मुंढाही तितकाच खाली सरकवावा, नाहीतर बाही आवळते. एकच खांदा उतरता असेल तर एकाच बाजूला हे करावे. अशा वेळी शर्ट उलटा घालून खुणा केल्या तर उजव्याचे डाव्याला जाते, म्हणून तो सुलट घालूनच टाचण्या लावाव्या लागतात. पाठ गोल असली म्हणजे शर्ट मागून वर उचलला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. येथे खांद्याच्या दुहेरी पट्टीखालच्या शिवणीत पाठीच्या मध्यावर लांबी सोडावी लागते, आणि ती सोडण्यासाठी तेथे माया असावी लागते. पोटाच्या बाबतीत हाच प्रकार पुढल्या बाजूला घडतो : घेर पुढे उचलला जातो आणि बाजूची शिवण पुढे ओढली जाते. हे सर्व पक्की टीप मारण्यापूर्वी कच्च्या टाक्यावर पाहावयाचे. यंत्राची टीप दोन दोऱ्यांची, एकमेकांत अडकलेली. ती धावदोऱ्यासारखी ओढून सुटत नाही, एकेक टाका तोडावा लागतो, आणि पॉपलीनसारख्या घट्ट विणीच्या कापडावर छिद्रे कायम दिसतात.

परंतु सर्वांत बोलकी दुरुस्ती काखेतली आहे. शर्ट काखेत आवळतो म्हणून मुंढा खोल करणे, ही नवशिक्याची हमखास चूक. मुंढा खोल केला की बाहीचा जोड अंगावर आणखी खाली जातो आणि हात वर करताना साऱ्या शर्टालाच घेऊन उठतो. आवळणे कमी होत नाही, वाढते. खरा उपाय मुंढा उंचच ठेवून बाहीचा दंडाशी घेर वाढवणे हा होय. बाही तर आधीच कापलेली. तेव्हा अनुभवी हात काय करतो? काखेतली शिवण उसवून तेथे एक तुकडा बसवतो, चौकोनी किंवा दोन्ही टोकांना निमुळता. हीच पैरणीची बगल. वक्र मुंढ्याने जिला हद्दपार केले ती दुरुस्तीच्या वाटेने पुन्हा शर्टात आणि झंपरातही शिरली. सूत्र शिकवणाऱ्या वर्गात तिला ‘जोड’ म्हणून दोषात गणण्यात येते. माझ्या मते हा दोष नव्हे. कपड्यात काम करता आले पाहिजे या जुन्या अपेक्षेने नव्या बेताला दिलेले ते उत्तर आहे, आणि या दोन पद्धतींची गाठ कोठे पडली हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने प्रथम काखच पाहावी.

मापांच्या बाबतीतही असाच चिवटपणा दिसतो. गजाचे २४ तसू किंवा १६ गिरह ही कोष्टके गेली; १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर वारही गेला आणि दुकानदार कापड मीटरने फाडू लागला. शिवणारा मात्र आजही छाती इंचातच सांगतो, कारण त्याची सारी सूत्रे चौथ्या आणि बाराव्या हिश्श्याची आहेत आणि ३६ ला चार व बारा दोहोंनी भाग जातो. मीटरने कापड आणावे आणि इंचांनी ते बेतावे, ही तडजोड नांदेडच्या पेठेत कोणालाही विसंगत वाटत नाही.

तयार शर्टाने मात्र हा क्रम तोडला. त्याच्या कडा ओव्हरलॉक यंत्राने शिवतानाच छाटल्या जातात. माया राहतच नाही. असा शर्ट आवळता येतो, सोडता येत नाही. ‘फिटिंग’ करून देणाऱ्या दुकानांत काम बहुधा आवळण्याचेच असते, याचे कारण गिऱ्हाइकाच्या आवडीइतकेच या छाटलेल्या कडेतही आहे. पुढील काळाच्या अभ्यासकाला या शर्टातून त्याच्या धन्याच्या अंगाचा इतिहास वाचता येणार नाही.

जे वाचता येण्यासारखे आहे तेही फार उरलेले नाही. राजेरजवाड्यांचे अंगरखे संग्रहालयांत जातात. कुणब्याची पैरण आणि हमालाचा शर्ट वाकळीत जातो. त्यातही वाकळ शिवताना शिवणी, काजपट्टी, बगल असे जाड भाग आधी कापून काढतात, म्हणजे आपल्याला हवा असलेला पुरावा सर्वांआधी नाहीसा होतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या पेट्या वाकळीचा हंगाम येण्यापूर्वी उघडाव्यात. कपडा उलटा करून मायेची रुंदी, टाक्यांच्या ओळी, दोऱ्यांचे रंग, काखेतला तुकडा मूळचा की मागाहून बसवलेला, आणि तो कोणत्या कापडाचा, एवढे टिपले तरी पुरे.

शिवाय एक प्रकार असा आहे की तो पेटीत शोधण्याची गरज नाही. कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. बोंडाच्या टोकांनी आणि उसाच्या पाचटाने हात ओरबाडतात, उन्हाचा चटका बसतो, आणि पदर कामात मध्ये येतो. शर्टाने तिन्ही गोष्टींची सोय होते. हा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला असतो. खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही मनगटाबाहेर जाते, आणि आत खोचलेल्या पदरासाठी छातीशी जागा मात्र नेमकी पुरते. तिने बाही कापून आखूड केली आहे की नुसती दुमडली आहे, कॉलर ठेवली की काढली, गळ्याचे बटण कोणत्या उंचीला हलवले, आणि काखेत तुकडा बसवला आहे काय, हे नांदेड-लातूर रस्त्यावरच्या कोणत्याही शिवारात वेचणीच्या दिवसांत पाहता येईल.